टवक्याची रेघ

मित्रांनो, माझ्याकडे बघायचेच असेल तर आधी उजव्या बाजूने बघा. डावा कोपरा नंतर दाखवीन. दाखवावाच लागणार आहे, पण एकदम नको.

मी एक जुनी कोसुकी आहे. कोसुकी म्हणजे बर्फ उपसायचे लाकडी फावडे. आपल्या या डोंगरातल्या गावात हिवाळ्यात माणूस बुडेल एवढा बर्फ साचतो, म्हणून पूर्वी घरटी एक तरी कोसुकी असायचीच. आता मी खालच्या आळीच्या सामायिक पडवीत खिळ्याला टांगलेली असते. तुम्ही शाळेतून येता-जाता मला हात लावता. परवा तुमच्यातलीच एक मुलगी म्हणाली, "ही बोलली असती तर काय काय सांगितलं असतं हिनं." सांगण्यासारखे माझ्यापाशी फार काही नाही. जे आहे ते सांगताना मान खाली जाते. मला ते नीट जमेल की नाही, याचीही खात्री नाही. तरी प्रयत्न करते.

या आळीच्या शेवटच्या घरात तोमेझो नावाचे सुतार राहत. त्यांनी मला बुना नावाच्या चिवट झाडाच्या एकाच फळीतून कोरले. पाते आणि दांडा वेगळे नाहीत, कुठे सांधा नाही, खिळा नाही. तीन हिवाळे त्यांनी ती फळी माळ्यावर वाळवत ठेवली होती. मला घडवले ते शेजारच्या इसाकुसाठी. इसाकु तेव्हा तेवीस वर्षांचा, तांदळाच्या गिरणीत कामाला, नुकताच संसार थाटलेला. तोमेझोंना तो दादा म्हणायचा.

"लोखंडाचं फावडं बर्फाला ओरबाडतं," तोमेझो त्याला म्हणाले. "हिनं कापायचं. चिरे पडले पाहिजेत, टोफूसारखे. आणि मेणबत्तीचं थुटूक टाकून देऊ नकोस. पात्याला घासत जा, म्हणजे बर्फ चिकटत नाही."

पहिल्याच हिवाळ्यात इसाकुने घात केला. रस्त्याच्या कडेच्या पाटाचे लोखंडी झाकण गोठून बसले होते. ते उघडायला त्याने माझा कोपरा फटीत घातला आणि जोर दिला. कट्‌ असा आवाज झाला. डाव्या कोपऱ्याजवळ, कडेचा अंगठ्याएवढा टवका उडाला.

तोमेझोंनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "ही कोसुकी आहे, पहार नव्हे."

"चुकलं, दादा. रंधा मारून कड सरळ करून द्या ना."

"नाही देणार. आता तू कापशील त्या प्रत्येक चिऱ्यावर तुझ्या घाईची रेघ उठेल. ती बघत जा."

तेव्हापासून मी कापलेल्या प्रत्येक चिऱ्याच्या डाव्या कडेला एक उंचवट्याची रेघ असते. इतर कोसुक्यांचे चिरे आरशासारखे गुळगुळीत असत. माझ्याच चिऱ्यांवर तेवढी ती रेघ. मला त्या टवक्याची फार लाज वाटे. इसाकु मला भिंतीला टेकवून ठेवी तेव्हा तो कोपरा भिंतीकडे यावा असे मला वाटायचे. लोकांना दिसू नये, एवढीच माझी इच्छा असे.

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे मी कामात घालवली. छपरावरचा बर्फ उतरवला, वाटा काढल्या. इसाकु मला निगुतीने वापरी. काम झाले की पुसून, सावलीत वाळवून, मेण घासून ठेवी. लोक पत्र्याची आणि प्लास्टिकची फावडी घेऊ लागले तरी त्याने मला सोडले नाही. "इसाकुची कोसुकी," असे लोक कौतुकाने म्हणत. तोमेझो वारले. त्यांची बायको मिने एकटीच त्या शेवटच्या घरात राहू लागली.

आता पाटाबद्दल सांगायला हवे, कारण सगळे तिथेच घडले. रस्त्याच्या कडेने झाकणांखालून वाहतो तो पाट तुम्ही रोज ओलांडता. नदीचे पाणी पंपाने वर चढवून त्यात सोडतात. त्यात बर्फ टाकला की तो वाहत नदीला मिळतो. पण सगळ्यांनी एकदम टाकला तर पाट तुंबतो आणि पाणी खालच्या घरात शिरते. म्हणून पाळ्या आहेत. वरच्या आळीची पाळी सकाळी, आपली दुपारी तीन ते चार. पाळीवर नजर ठेवायला प्रत्येक आळीचा एक पाटकरी असतो. त्याच्या दंडावर हिरवी पट्टी, हातात घंटा.

गिरणीतून निवृत्त झाल्यावर इसाकु आपल्या आळीचा पाटकरी झाला. चारची घंटा वाजल्यावर एक फावडेही कोणी टाकले तर तो ऐकून घ्यायचा नाही. न्हावी तोकुजी त्याची टर उडवी.

"काय हो पाटकरी, माझ्या टकलावर दोन पाकळ्या बर्फ पडलाय. तो झटकायला परवानगी लागेल का?"

"तीन ते चारमध्ये झटक," इसाकु म्हणे. हसायचा नाही.

नियमांचा फलक त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता आणि स्वतःच्या दाराशी लावला होता. पहिलाच नियम होता : पाटात पाणी नसेल तेव्हा झाकण उघडू नये.

त्या वर्षी फेब्रुवारीत वादळ आले. दोन दिवस, दोन रात्री बर्फ आडवा येत होता. पहिल्याच दुपारी डोंगरात कुठेतरी तारा तुटल्या आणि वीज गेली. इसाकुच्या घरातली शेगडी रॉकेलची खरी, पण तिचा पंखा विजेवर चाले. ती बंद. पाय ऊबेत घालून बसायचे ते बुटके टेबलही विजेचेच. तेही गार. इसाकुची बायको हात्सुए हिने बाकीच्या खोल्या बंद करून टाकल्या आणि एका खोलीत संसार आणला. दाराच्या फटीतून वारा येऊ नये म्हणून मला दारावर आडवी बांधली आणि माझ्यावर जाड रजई टाकली. त्यामुळे त्या दोन दिवसांतले सगळे मी ऐकले.

मेणबत्ती शोधायला गेली तर घरात एकच थुटूक निघाले. माझ्या पात्याला घासायचे.

"फावड्याची मेणबत्ती आहे घरात, माणसांची नाही," हात्सुए म्हणाली.

"फावडं नीट राहिलं तर माणसं नीट राहतील."

"मग सूप पण फावड्यालाच वाढते."

तिने गॅसच्या छोट्या शेगडीवर मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे, सूप गरम केले, गार भाताचे मुटके त्यात बुडवले. अंगावर कोट, त्यावर कोट घालून दोघे बसून होते. रेडिओचे सेल संपू नयेत म्हणून तासातून एकदाच लावत.

दुसऱ्या दिवशी दुपारी छपरावरचा बर्फ एकदम खाली आला. खिडक्या झाकल्या, घरात अंधार झाला, दार अर्ध्यापर्यंत बुजले. इसाकुने मला रजईखालून सोडवले आणि बाहेर पडला. एरवी तो हा बर्फ घरामागच्या शेतात नेऊन टाकी. चाळीस पावले जायचे, चाळीस पावले यायचे. त्या दिवशी त्याच्या कमरेत उसण भरली होती. दहा-बारा खेपांनंतर तो थांबला. तीन वाजून गेले होते. पंप बंद, पाट कोरडा. वाऱ्यात रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. समोरचे घरही दिसत नव्हते.

त्याने वर बघितले, खाली बघितले. मग माझा तोच कोपरा झाकणाच्या फटीत घातला.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला मोडता आले असते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मोडले होते. त्या दिवशी नाही मोडले. झाकण उघडले.

"चार चिरे टाकू," तो पुटपुटला. "वीज आली की जातील वाहून." चाराचे चाळीस झाले, चाळिसानंतर मी मोजायचे सोडले. माझ्या धारेने चिरे सुरेख पडत होते आणि मला, खरे सांगते, त्याचे थोडे बरेही वाटत होते.

"अहो, कुठे टाकताय?" हात्सुएने आतून विचारले.

"मागे," इसाकु म्हणाला.

संध्याकाळी सातला वीज आली. दिवा लागला, शेगडी गुणगुणू लागली. हात्सुए टाळी वाजवून हसली आणि तिने तांदळाची साके दारू गरम करायला ठेवली. मी दाराशी टेकून उभी होते. मला रस्त्याखालून पाण्याचा आवाज आला. पंप सुरू झाला होता. इसाकुनेही तो ऐकला. त्याने वाडगा खाली ठेवला.

आता हा उठेल, असे मला वाटले. त्याने धावत जाऊन पाटाच्या वरच्या तोंडाची, पाणी अडवायची फळी पाडली असती तर पाणी थांबले असते.

"काय झालं?" हात्सुएने विचारले.

"काही नाही. पाणी आलं वाटतं."

"मग बघून या. पाटकरी ना तुम्ही?"

"सकाळी बघू," असे म्हणून त्याने दोन्ही तळवे शेगडीसमोर धरले.

अर्ध्या तासाने तोकुजी दार ठोठावत आला. "इसाकुभाऊ, चला. मिनेआजीच्या घरात पाणी शिरलंय."

मिनेच्या घरासमोर पाट वळतो आणि तिथे जाळी आहे. सगळा बर्फ तिथे जाऊन दाटला होता. पाण्याने तिच्या दारासमोरचे झाकण वर उचलले होते आणि बर्फाचा काला घोट्याच्या वर तिच्या घरात भरला होता. मुळ्याच्या लोणच्याची पिंपे तरंगत होती. आतल्या जमिनीवरच्या जाड गवती चटया भिजून फुगल्या होत्या. ऐंशी वर्षांची मिने पेटीवर चढून, तोमेझोंचा फोटो छातीशी धरून उभी होती. पाय लाल झाले होते.

माणसांनी फळी पाडली, जाळी मोकळी केली. इसाकु सगळ्यांत जास्त राबला. खालचा बर्फ विरघळला होता, पण वरचे चिरे तसेच अखंड निघाले. ते विजेरीच्या उजेडात तिच्या फाटकाशी रचले गेले. कोणी निरखून पाहिले नाही.

मग कोणीतरी म्हणाले, "आजींच्या दारासमोरचं झाकण उघडं होतं."

गेल्याच महिन्यात मिने शेगडीवर किटली ठेवून विसरली होती. ती गोष्ट सगळ्या आळीला माहीत होती. सगळे पाटकऱ्याकडे बघू लागले. इसाकु मला हातात धरून उभा होता.

"वहिनी," तो म्हणाला, "झाकण तुम्ही उघडलं होतं का?"

मिनेने त्याच्याकडे पाहिले. "नाही, भाऊ. नसेल उघडलं." मग म्हणाली, "उघडलं असेल. आठवत नाही मला."

आयुष्यात मी पुष्कळ थंडी सोसली आहे. त्या क्षणाइतकी कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात्सुए मिनेला गरम सूप देऊन परत आली. आल्या आल्या तिने मला उचलले आणि इसाकुच्या पुढ्यात, शेगडीजवळ आडवी ठेवली.

"तिच्या फाटकाशी चिरे पडलेत. टोफूसारखे."

"असतील."

"डाव्या कडेला रेघ आहे."

इसाकुने दोन्ही तळवे पुन्हा शेगडीसमोर धरले.

"तिच्याकडे पत्र्याचं फावडं आहे. त्यानं चिरे पडत नाहीत, भुगा होतो."

"दुपारपर्यंत झाकले जातील," इसाकु अगदी हळू म्हणाला.

"जातील की. बर्फ काय, सगळ्यांचंच झाकतो." हात्सुए उठली. "मी कुणाला सांगणार नाही. ते माझं काम नव्हे. तुम्ही सांगाल त्या दिवशी शेजारी उभी राहीन, एवढंच."

दुपारपर्यंत ते चिरे खरोखरच झाकले गेले.

त्यानंतरचे पाच दिवस इसाकु मला घेऊन मिनेच्या घरी जात होता. तिचे छप्पर साफ केले, वाट काढली, चटया उचलून भिंतीशी उभ्या केल्या. लोक म्हणाले, "इसाकु म्हणजे देवमाणूस. म्हातारीनं केलं आणि हा निस्तरतोय." तोकुजीसुद्धा म्हणाला, "भाऊ, मी तुमची टर उडवत होतो. माझंच चुकलं." आयुष्यभर मला कौतुकाची हौस होती. त्या पाच दिवसांत ते भरभरून मिळाले, आणि प्रत्येक शब्दागणिक मला वाटे की कोणीतरी मला चुलीत घालावे.

मिने मात्र दिवसेंदिवस लहान होत चालली होती. तिने मनगटाला दोरा बांधला होता, विसरू नये म्हणून. भिंतीवर कागद चिकटवले होते : "शेगडी बंद केली का?" "झाकण बंद आहे का?" दर घटकेला ती दाराशी येऊन झाकण बघून जायची. परत गेल्यावर पुन्हा यायची.

"वहिनी, बंद आहे ते," इसाकु सांगे.

"हो ना? तू बघितलंस ना? तू बघितलंस तर ठीक."

रस्ते उघडले तसा रविवारी तिचा मुलगा शुन्जी दूरच्या सैतामा शहरातून गाडी घेऊन आला. तो आईला कायमचा न्यायला आला होता. घर उन्हाळ्यात विकायचे ठरले होते. इतकी वर्षे मिने त्याला म्हणत आली होती, "माझं मला जमतंय तोवर मी इथून हलणार नाही." आता ती काहीच म्हणत नव्हती. किटली, दोन वाडगे आणि तोमेझोंचा रंधा एका खोक्यात भरून ती पायरीवर बसली होती. निरोप द्यायला आळी जमली होती.

शुन्जी इसाकुसमोर आला, कमरेतून वाकला आणि मिठाईचे खोके दोन्ही हातांनी पुढे केले. "काका, आईमुळे तुम्हाला सगळ्यांना फार त्रास झाला. पाटकरी म्हणून तुम्हाला खाली बघावं लागलं. माफ करा आम्हाला."

इसाकुचे हात खोक्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. हात्सुए पुढे येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

इसाकु वळला. भिंतीशी टेकलेल्या मला त्याने उचलले, कडेच्या ढिगातून एक चिरा कापला आणि पायरीवर, मिनेच्या पायांजवळ उभा ठेवला.

"वहिनी, डावी कड बघा."

मिनेने हातमोजा काढला. त्या रेघेवरून बोट फिरवले. वरून खाली, पुन्हा खालून वर. हा टवका कोणाच्या घाईने पडला आणि रंधा मारायला कोणी नकार दिला, हे तिला सगळे माहीत होते. तोमेझो मला घडवत होते तेव्हा चहा घेऊन तीच येत असे.

"पाटातल्या चिऱ्यांना हीच रेघ होती," इसाकु म्हणाला. "मी टाकले होते. वीज नव्हती तेव्हा. पाणी आल्याचं ऐकलं, तरी उठलो नाही. शेगडीपुढे बसून राहिलो. आणि मग तुम्हालाच विचारलं, झाकण उघडलंत का म्हणून."

तो बर्फात गुडघे टेकून बसला. शुन्जीने खोके हळूच मागे घेतले. "पाच दिवस," तो म्हणाला. "पाच दिवस ती मला फोनवर सांगत होती, मला आता वेड लागतंय म्हणून."

मिने अजून रेघेकडेच बघत होती.

"म्हणजे मी विसरले नव्हते," ती म्हणाली. "शुन्जी, ऐकलंस? मी उघडलंच नव्हतं. मला आठवत नव्हतं, कारण मी केलंच नव्हतं." तिने मनगटावरचा दोरा दातांनी तोडला आणि खोक्यातली किटली बाहेर काढली.

इसाकुला ती त्या दिवशी काहीच बोलली नाही. माफ केले असेही म्हणाली नाही. मला वाटते, ते बरोबरच होते.

तिचे घर अजून ओले होते. हात्सुए म्हणाली, "सुकेपर्यंत आमच्याकडे राहतील." शुन्जी बराच वेळ विचार करत होता. शेवटी एक महिन्याच्या बोलीवर आईला ठेवून तो गेला. इसाकुने हिरवी पट्टी आणि घंटा तोकुजीच्या हातात दिली. तोकुजीने टर उडवली नाही. महिनाभर इसाकु रोज तिन्ही वेळा मिनेच्या समोर जेवायला बसला. पहिले कितीतरी दिवस तो मान वर न करता जेवला. मग एके संध्याकाळी मिने म्हणाली, "लोणचं इकडे सरकव, भाऊ." त्याने सरकवले. एवढेच झाले.

बर्फ वितळून डोंगरात कोवळे नेचे फुटले तेव्हा ती स्वतःच्या घरी परत गेली. घर विकले गेले नाही. तिथे ती आणखी सहा हिवाळे राहिली.

इसाकुने मला आळीच्या पडवीला देऊन टाकले. "माझ्या एकट्याकडे नको ही," असे म्हणाला. पुढे एका नव्या सुताराने मला पाहून विचारले, "ही कड सरळ करून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे." इसाकुने मान खाली घातली. उत्तर मिनेने दिले. "नको. आमच्या ह्यांनी तशीच ठेवली होती."

मित्रांनो, आता डावा कोपरा बघा. ज्या टवक्याची मला जन्मभर लाज वाटली, तो त्या दिवशी खरे बोलला. बाकीची मी, गुळगुळीत, मेण लावलेली, कौतुकाची, ती गप्प होती. म्हणून लाज टवक्याची वाटायला नको होती, एवढे मला उशिरा कळले.

तुमच्यातले काही पुढे मला हातात घ्याल. बर्फ आपल्या जागेत टाका, चाळीस पावले चालावी लागली तरी. पाटात पाणी नसेल तर माझा कोपरा झाकणाच्या फटीत घालू नका. काम झाले की मला पुसा, सावलीत वाळवा, मेणबत्तीचे थुटूक घासा. वीज गेली तर ते थुटूक खुशाल जाळा, माझे मेणावाचून अडणार नाही.

तेवढा कोपरा मात्र राहू द्या.